कान तुटलेला कप

— नाही नाही, पेटी आत्ता उघडू नका, रुपचंदभाऊ. आधी बसा. तुमची सुई कुठं पळून जात नाही आणि आमचा कौतिकही पळून जात नाही. मळ्यात गेलाय, येईलच एवढ्यात. लूना तिथंच राहू द्या लिंबाखाली, आमच्या असोद्यात कोणी हात लावत नाही. बसा त्या बाजेवर. मी आपला खुर्चीत बरा — आताशा बाजेवर बसलो की उठायला आधार लागतो, वयच तसं, दुसरं काय. अगं ऐकलं का, चहा टाक — जळगावचे कंपाउंडर आलेत, त्यांना चांगल्या कपात दे. — ती बेबीची आई. म्हणजे आमची मंडळी. नाव शेवंता, पण नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत नाही. — तर तुम्ही काय विचारलंत? हां, इंजेक्शनला पेशंट स्वतः हो म्हणालाय का. आता हा काय प्रश्न झाला, रुपचंदभाऊ? तुम्ही आजवर इतकी इंजेक्शनं दिली, विचारून दिली का? मी त्याचा सख्खा मोठा भाऊ, विकास सोसायटीचा चेअरमन, मी सांगतो, द्या. मी हो म्हटलं म्हणजे घरानं हो म्हटलं.

आजार तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलाच असेल. आवाज येतात त्याला. कान चांगले आहेत, आवाज आतून येतात. कोणी नाव घेऊन बोलतं, कोणी नावं ठेवतं. सुरुवातीला आम्ही यावलकडच्या एका भगताकडे नेलं, तो म्हणाला बाहेरचं आहे — लिंबू झाले, नारळ झाले, कोंबडंही झालं. मग जळगावला नेलं, तिथं हे महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. हेच, तुमच्या पेटीतलं. आणि खोटं कशाला सांगू, पहिल्याच इंजेक्शनात असा शांत झाला, रुपचंदभाऊ, असा शांत — भिंतीला टेकवून बसवला की बसलेला. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा. नाकावर माशी बसली तरी हाकलायचा नाही. लोक म्हणायचे, सुकदेवभाऊ, नशीब काढलं, औषध लागू पडलं. आता लाळ गळायची थोडी, ती बेबीची आई पुसायची. मान अशी एका अंगाला ताठ झालेली. चालताना पाय घासत चालायचा. पण वाद नाही, बडबड नाही, घरात चिडीचूप. मी म्हणतो, औषधाकडून माणसाला आणखी काय पाहिजे असतं?

तर ह्याला पाहिजे होतं. आता तुम्ही शहरातले, केळीचं काम तुम्हाला कसं माहीत असणार — घड वर असतो. कोणता कापायचा आणि कोणता चार रोज राखायचा, हे खालून वर बघून ठरवायचं असतं — केळाची धार मोडली का, गोलाई आली का. जास्त भरलेला कापला तर दिल्लीला पोचेपर्यंत वॅगनमध्येच पिवळा, आणि कोवळा कापला तर व्यापारी दारातून परत पाठवतो. आमच्याकडे हे काम कौतिकचं. कोयतेवाले मागे, हा पुढे, मान वर करून चाललेला. बुंध्याला नुसता हात लावायचा, तो घड कापायचा. आणि गंमत म्हणजे मळ्यात त्याचे ते आवाज पण कमी व्हायचे म्हणे, पानांच्या सळसळीत. तर इंजेक्शननंतर मान वर होईना. बघायला गेला की तोल जायचा, दोनदा पाटात पडला. मग एक दिवस भिंतीला टेकून, जड जिभेनं, मला म्हणतो — तुम्ही जळगावचे म्हणून मी जरा सांभाळून बोलतोय, एरवी घरात आमचं मले-तुलेच चालतं — म्हणतो, ‘भाऊ, आवाज राह्यले थोडे तरी चालतीन. मान वर व्हायले पाहिजे.’ ऐकलंत? आवाज थोडे राहिले तरी चालतील. मी तर हसलोच. दात दुखतो म्हणून दवाखान्यात जायचं आणि सांगायचं, डॉक्टर, थोडा दुखू द्या, पण ऊस खाता आला पाहिजे. असं कुठं असतं का?

पण आमची बहीण वच्छला, ती धुळ्याला दिलीय, तिनं हट्ट धरला. म्हणे आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवू. नेलं. मी माझ्या पद्धतीनं सांगायला सुरुवात केली, सुरुवातीपासून, भगतापासून, तर बाई म्हणाल्या, भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसता का. मला म्हणाल्या. बाहेरच्या बाकावर, एका पोरगी कडेवर घेतलेल्या बाईशेजारी बसवलं मला. आणि आत ह्याला विचारलं, तुला काय पाहिजे? आता हा काय जेवायला आलेला पाहुणा आहे, काय वाढू म्हणून विचारायला? ह्यानंही सांगितलं. एसटीत मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं — ‘मी म्हटलं, मले मळ्यात जायचं हाये. दिवसा झोप नको. अन् मले जे देता त्याचं नाव मले सांगा.’ बस. आवाज घालवा असं म्हणालाच नाही, म्हणजे म्हणाला, पण शेवटी. बाईंनी इंजेक्शन थांबवलं आणि गोळ्या दिल्या. त्याच्या हातात दिल्या हो. मी बाहेर बसलोय, मोठा भाऊ, आणि गोळ्या त्याच्या हातात.

घेतल्या त्यानं, तसं मी काही खोटं बोलणार नाही. रोज घेतल्या. थोड्या दिवसांत पाय घासणं गेलं, लाळ थांबली, मळ्यात जायला लागला, मान वर करून. आवाज यायचे अधूनमधून, तेव्हा पाटाच्या कडेला बसून राहायचा, मग उठून कामाला लागायचा. — तेच, तेच, मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार, मग बरंच झालं की. अहो, तुम्हाला घरातलं काय माहीत. तो बोलायला लागला ना. एके दिवशी ट्रक दारात उभा, मी कापणीवाल्यांना सांगितलं हा पट्टा आज उतरवा, तर हा चार माणसांदेखत म्हणतो, ‘भाऊ, कोवळा हाये. थांब चार रोज.’ चार माणसांदेखत. आता आमच्या घरात कसं आहे, आवाज एकाचाच. बाप होता तोवर बापाचा, त्यानंतर माझा. मी ओट्यावर खाकरलो की आत भांडी वाजायची थांबतात — म्हणजे थांबायची. वरण अळणी निघालं की ताट अंगणात, आणि कोणी काही बोललं तर ताटामागून पाट. बेबीच्या आईला विचारा, इतक्या वर्षांत उलटून शब्द काढला नाही तिनं. वचक लागतो, रुपचंदभाऊ, त्याशिवाय घर चालत नाही. तेव्हा माझ्या लगेच ध्यानात आलं की हे जे उलटून बोलणं आहे ना, हेच आजाराचं लक्षण आहे. गोळ्यांनी मान वर झाली, पण जरा जास्तच झाली.

मग मी गोळ्या काढून घेतल्या. म्हटलं, बस झालं. त्यावर म्हणतो, ‘माह्या हातावर दे, नाव सांग, मी घेतो. मी कधी नाही म्हटलं?’ मी लक्ष दिलं नाही. एक अमळनेरचा ओळखीचा मेडिकलवाला आहे, त्यानं थेंबांची बाटली दिली — रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणाला, चहात टाका, बापजन्मी कळणार नाही. बाटली मी बेबीच्या आईच्या स्वाधीन केली. म्हटलं, कप मात्र वेगळा ठेव, नाहीतर घोटाळा व्हायचा. तेव्हा घरात एक कान तुटलेला कप होता, फुलाफुलांचा, तो ठरला. तो कप म्हणजे कौतिकचा, बाकी कोणी हात लावायचा नाही. झालं. पहिल्याच दिवशी कप समोर ठेवला तर हा त्या कपाकडे बघतो, मग बेबीच्या आईकडे बघतो, म्हणतो, ‘वहिनी, आजपावेतो या घरात मले चहा सगळ्याइच्या मांगून येत होता. आज सगळ्याइच्या पहिले कसा?’ आता मला सांगा, हा डोकं बिघडलेला माणूस. बेबीची आई खाली मान घालून उभी. मी म्हटलं, पी, पी, कौतुकानं दिलाय. तर काय म्हणाला माहितीये? ‘मी काय बैल हाये का, नळीनं पाजायले?’ बैलाला आम्ही बांबूच्या नळीतून औषध पाजतो ना, जबडा वर धरून, ते. बैलाला कुठं नाव सांगतो आपण औषधाचं.

पण प्रेमळ फार. तसा तो लहानपणापासून प्रेमळच. कप उचलला, अर्धा बशीत ओतला, आणि बशी माझ्यापुढे धरली — ‘भाऊ, तू घे पहिले. मंग मी घेतो.’ आम्ही दोघं असाच चहा प्यालोय लहानपणापासून, एक कप दोघांत, बशी मोठ्याची, कप धाकट्याचा. आता नाही म्हणू कसा? नाही म्हटलं की संशय पक्का. प्यालो. मिटक्या मारत प्यालो, मुद्दाम. मग तोही प्यायला, निदान कप तोंडाला लावला, मी काही आत वाकून बघितलं नाही. मी म्हटलं, बशीभर चहानं काय होतंय, एवढा मोठा देह. दुसऱ्या दिवशी परत बशी पुढे. तिसऱ्या दिवशी परत. मग कधी म्हणायचा, ‘आज मन नाही, भाऊ, तूच संपव.’ आता टाकून द्यावा तर त्याच्यासमोर टाकायचा कसा? पिऊन टाकायचो. पुढं पुढं त्याला रोजच मन नसायचं. सकाळचाही मीच, संध्याकाळचाही मीच — काय? मला काय होणार हो? मी आजारी थोडाच आहे. औषध आजाऱ्याला लागू पडतं. तुम्ही कंपाउंडर, तुम्हाला मी सांगायचं का हे?

हात ना? हा असाच हलतो आताशा. वात आहे. आमच्या वडिलांनाही होता — म्हणजे गुडघ्यात होता, पण वातच. तुम्ही त्याच्याकडे बघू नका, बघितलं की जास्त हलतो. उलट तब्येतीचं विचाराल तर माझा स्वभाव इतका निवलाय की गावात बोलबाला आहे. परवा सोसायटीच्या मीटिंगला एक मेंबर, झुलाल, माझ्या तोंडावर नाही नाही ते बोलला, चेअरमन बदला म्हणाला. आधीचा मी असतो तर टेबल उलटं केलं असतं. मी बसून राहिलो. ऐकू येत होतं सगळं, पण ते दुसऱ्या कोणाला म्हणतोय असं वाटत होतं. नाकावर माशी बसली होती — तीसुद्धा तशीच. लोक म्हणाले, वा, सुकदेवभाऊ, वय शोभायला लागलं. घरात म्हणाल तर भांडी वाजत असतात खुशाल. बेबी परवा माझ्यासमोर हसली, मोठ्यांदा, मी ओट्यावर असताना. बेबीची आई स्वयंपाक करताना गुणगुणते हल्ली. मी म्हटलं, चांगलं आहे. वरण अळणी असतं कधी, खातो. चव फारशी लागतच नाही आता, कशाचीच. दुपारी डोळा लागतो तो दिवेलागणीला उघडतो. एक मान तेवढी जरा — इकडं वळवली की उतरत नाही लवकर. तेल लावतो.

गेल्या महिन्यात त्या मानेपायी घोटाळा झाला. कौतिक धुळ्याला गेला होता, ट्रक आलेला, म्हटलं मीच बघतो घड, ह्याच्यावाचून काय अडलंय. मळ्यात गेलो आणि मान वर होईना. उचलली की झोक जायचा. आता कोयतेवाल्यांसमोर मान वर होत नाही असं सांगू? अंदाजानं हात लावत गेलो बुंध्यांना. सगळा पट्टा कोवळा निघाला, व्यापाऱ्यानं ट्रक जसाच्या तसा परत पाठवला. कौतिक परत आला, वावरात पडलेले घड बघितले. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसता माझ्या मानेकडे बघत राहिला. मग म्हणतो, ‘भाऊ, धुळ्याच्या बाईले दाखव. त्या इचारता पहिले.’ आता त्यानं मला डॉक्टर सुचवायचा. मला वाईट वाटलं हो. खरंच वाईट वाटलं. रात्री जेवलो नाही मी.

— धुळ्याला कशाला गेला होता म्हणजे? त्याच बाईंकडे. स्वतःच जातो एसटीनं, वच्छलाकडे उतरतो, गोळ्या घेऊन येतो. मी एकदा काढून घेतल्या म्हणून काय झालं, दुसऱ्या मिळतात. आणि लपवत नाही, तेच तर. जेवण झालं की सगळ्यांच्या मधोमध बसून गोळी तळहातावर घेतो, बेबीला तिचं नाव सांगतो, पाणी पितो. बेबीला पाठ झालंय नाव. पोरीची जात, उद्या सासरी जाऊन काय सांगेल? आणि चहा तर त्यानं बंदच केला. दूध पितो आता, स्वतः काढलेलं. म्हणून म्हटलं, ह्याच्यावर इंजेक्शनच बरं. एकदा टोचलं की महिनाभर घराला घोर नाही. — डबल होईल? कसं डबल? हां, गोळीवर इंजेक्शन. अहो, होऊ दे की जरा डबल. चालतंय बरं हे मलाही दिसतं, मी काय आंधळा आहे? पण ते सगळं त्याच्या मनानं चाललंय. घरातली एक तरी गोष्ट माझ्या मनानं नको का? मीटिंगमध्ये माझं चालत नाही, मळ्यात माझी मान चालत नाही —

— कोणते थेंब? ते चालू आहेत ना. शेवंता — बेबीची आई टाकते रोज, त्यात कधी खंड नाही. परवाच म्हणाली, बाटली संपली, दुसरी आणा. मी आणून दिली. आधीची बाटली किती दिवस पुरली होती, ही बघा लवकर संपली. — कोणाच्या चहात म्हणजे? कौतिकच्या. दुसऱ्या कोणाच्या असणार. — हां. तो चहा पीत नाही. मीच सांगितलं आत्ता, दूध पितो. होळीच्या आधीपासून दूधच पितो. — मग कोणाच्या चहात, हेच ना? तुम्ही थांबा जरा. मला एकेक आठवू द्या, हल्ली पटकन आठवत नाही. चहा तर घरात तिघंच पितो. बेबीची आई पिते, ते तिच्या पितळी पेल्यात. बेबी पिते गाळणीखालचा उरलेला. आणि मी —

आला चहा. ठेव. हा त्यांच्यापुढे ठेव. — हं, घ्या, रुपचंदभाऊ. आलं घातलंय भरपूर. आमच्याकडे हल्ली आलं फार घालतात, मला सवय झालीय, त्याशिवाय चहा प्यायल्यासारखा वाटत नाही. — आणि हा माझा. हा — हाच असतो का माझा रोज? फुलाफुलांचा? मी कप बघत नाही कधी, समोर आला की उचलतो. ह्याला कान नाही. म्हणून दोन हातांनी धरावा लागतो. मला वाटत होतं हात हलतो म्हणून मी दोन हातांनी धरतो.

थांब. आत जाऊ नको. अगं, थांब म्हटलं ना. शेवंता. — काय हाये याच्यात? — मी तुले इचारतो. काय हाये? — बोल ना. कवापासून? — माह्याकडे पाहू नको अशी, आजपावेतो कधी पाह्यलं नाही अन् आज बरी पाहू राह्यली. नाव तरी सांग त्याचं. मले काय देऊ राह्यली ते मले सांगशीन का नाही? मी नाही म्हणतो का? हातावर दे, नाव सांग, मी घेतो. मी काय बैल हाये का, नळीनं —

— काय म्हणाली? चहा थंड होतो म्हणे.

नाही, काही नाही, रुपचंदभाऊ. गेली ती आत. भांडी घासतेय. ऐका, कशी वाजतात.

तुम्ही असं करा, पेटी लूनाला बांधा. नको इंजेक्शन. त्याला नको. — मला? माझं नाव कशाला घेता मध्ये. मला तर मुळीच नको. जाताना मळ्याच्या वाटेनं जा. मान वर करून चाललेला एक माणूस दिसेल, त्याला म्हणावं, भाऊनं विचारलंय, धुळ्याची गाडी सकाळी किती वाजता असते. एवढंच सांगा. बाकी तो समजेल. आणि त्या बाई पेशंटला आत घेतात तेव्हा — सोबत आलेल्याला बाहेर बसवतात, हे त्याला ठाऊक आहे ना, तेही विचारा.

चहा ठेवू नका तसाच, घ्या. तुमच्या कपाला कान आहे. निर्धास्त प्या, आणि निघा.